मसाज करणाऱ्यांसाठी हाडं, स्नायू आणि हालचालींचा अभ्यास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात स्पामध्ये, आयुर्वेदिक केंद्रात, जिममध्ये किंवा घरोघरी जाऊन मसाज करणाऱ्यांकडून आणि हे काम नव्याने शिकणाऱ्यांकडून जे प्रश्न सतत येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. काही उत्तरं लांब आहेत, कारण तो विषय हाताने शिकायचा आहे आणि तो दोन ओळींत सांगता येत नाही.

माझा हात चांगला आहे, लोक परत परत येतात. मग शरीररचना शिकायची गरज काय?

चांगला हात सांगतो की इथे घट्ट आहे. ते का घट्ट आहे, हे कळायला अभ्यास लागतो. हिंजवडीत दिवसाचे नऊ तास लॅपटॉपसमोर बसणारा माणूस येतो आणि म्हणतो, "पाठीत, दोन फऱ्यांच्या मधे दुखतं." तिथे हात लावला की दोरीसारखे ताठ स्नायू लागतात. म्हणून आपण तिथेच कोपर रोवतो. त्या रात्री त्याला बरं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी दुखणं परत येतं.

अशा वेळी बऱ्याचदा छातीकडे पाहावं लागतं. पेक्टोरॅलिस मायनर हा छोटा स्नायू तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या बरगडीवरून निघून खांद्याच्या पात्याच्या पुढच्या टोकाला, म्हणजे कोराकॉइडला जोडलेला असतो. तो आखडला की पातं पुढे ओढलं जातं आणि मागचे रॉम्बॉइड स्नायू ताणलेल्या अवस्थेतच दिवसभर पात्याला धरून ठेवतात. ते ताठ लागतात ते या ताणामुळे. त्यांना आणखी दाबून लांब करण्यात अर्थ नसतो. आधी छातीची बाजू हलक्या हाताने मोकळी करावी, मगच पाठीकडे वळावं. कोणतं टोक कुठे जोडलंय हे ठाऊक नसेल, तर हा क्रम सुचणारच नाही.

सुरुवात कुठून करावी?

हाडांपासून. स्नायू झोपेत, थकव्यात, जाडीनुसार बदलतात. हाडांच्या खुणा जागच्या जागी असतात. मोठ्या माणसाच्या अंगात २०६ हाडं असतात, पण सगळी पाठ करत बसू नका. त्वचेवरून बोटाला लागणाऱ्या तीस-चाळीस खुणा आधी पक्क्या करा: खांद्याच्या पात्याचा आडवा कणा, त्याचं बाहेरचं टोक ॲक्रोमियन, पात्याचा वरचा आणि खालचा कोपरा, कंबरेच्या हाडाची कड, कंबरेवरच्या दोन खळग्यांखालची हाडं, बसायचं हाड, खुब्याचा बाहेरचा उंचवटा, गुडघ्याची वाटी, फिब्युलाचं (नडगीच्या बाहेरच्या बाजूच्या बारीक हाडाचं) डोकं, दोन्ही घोटे.

एक खूण नमुन्यादाखल. मानेचा सातवा मणका शोधायचा असेल तर समोरच्याला मान खाली घालायला सांगा. मानेच्या बुडाशी एक किंवा दोन मणके ठळक वर येतात. दोन आले तर दोन्हींवर एकेक बोट ठेवा आणि मान सावकाश मागे न्यायला सांगा. वरच्या बोटाखालचा मणका आत सरकल्यासारखा वाटतो, तो सहावा. जागेवर राहतो तो सातवा. इथून खाली मोजत गेलं की पाठीचा नकाशा हाती येतो. पात्याचा खालचा कोपरा साधारण छातीच्या सातव्या मणक्याच्या पातळीला असतो, आणि दोन्ही बाजूंच्या कंबरेच्या हाडांच्या कडा जोडणारी रेषा कमरेच्या चौथ्या मणक्याजवळून जाते.

स्नायू किती पाठ करायचे?

अंगात सहाशेच्या वर स्नायू आहेत. मसाजच्या कामाला साठ-सत्तर नीट आले तर पुष्कळ झालं. प्रत्येकाबद्दल चार गोष्टी माहीत हव्यात: तो कुठून निघतो, कुठे जोडला जातो, कोणत्या सांध्यावरून आणि सांध्याच्या कोणत्या बाजूने जातो, आणि आकसला की काय होतं.

यातली चौथी गोष्ट खरं तर पाठ करावी लागत नाही. स्नायू फक्त ओढतो, ढकलत नाही. आकसला की त्याची दोन टोकं जवळ येतात. तो कोपराच्या पुढून जात असेल तर हात कोपरात वाकणार, मागून जात असेल तर सरळ होणार. पहिल्या तीन गोष्टी डोळ्यांसमोर असतील तर चौथी तुम्हीच काढू शकता. नुसते तक्ते घोकणारे इथेच अडकतात. परीक्षेत उत्तर येतं, पण टेबलावर माणूस कुशीवर झोपला की सगळं उलटसुलट होतं.

नावं लॅटिन शिकावीत की मराठी?

नोंदवही, डॉक्टरांची चिठ्ठी आणि फिजिओथेरपिस्टशी बोलणं यासाठी लॅटिन नावंच लागतात. ग्राहकाशी बोलताना पोटरी, नडगी, खुबा, बरगडी असंच बोला.

काइन्सिऑलॉजीत नेमकं काय शिकायचं?

हालचाल कोण करतं, कोण थांबवतं आणि कोण सांधा धरून ठेवतं, हे. स्नायू तीन प्रकारे काम करतो: आखूड होत, लांब होत, किंवा लांबी न बदलता. दुसरा प्रकार नवख्यांना सगळ्यात उशिरा समजतो आणि मसाजवाल्याला सगळ्यात जास्त उपयोगी पडतो.

रविवारी सिंहगड केलेली मंडळी सोमवार-मंगळवारी येतात ती मांड्या धरूनच. चढताना धाप लागली, पण मांड्या भरल्या त्या उतरल्यामुळे. उतरताना प्रत्येक पायरीला गुडघा थोडा वाकतो आणि शरीराचं वजन धडकन खाली येऊ नये म्हणून मांडीच्या पुढचा क्वाड्रिसेप्स ताणाखाली लांब होत ब्रेक लावतो. या प्रकारच्या कामात स्नायूच्या तंतूंना बारीक इजा जास्त होते, आणि तिचं दुखणं २४ ते ७२ तासांच्या दरम्यान सर्वांत तीव्र असतं. म्हणून अशा माणसाला सोमवारी खोल दाब देऊ नका. हलका, लांब, वरच्या दिशेने जाणारा हात पुरे. खोल काम करायचंच तर चार-पाच दिवसांनी.

आणि हे दुखणं लॅक्टिक ॲसिडमुळे नसतं. ते श्रम थांबल्यावर साधारण तासाभरातच रक्तातून कमी होतं. दोन दिवस मांडीत साचून राहत नाही. "मसाजने ॲसिड बाहेर काढतो" असं ग्राहकाला सांगू नका.

पुस्तकात स्नायू दिसतो, पण बोटाला कळत नाही. काय चुकतं?

बहुतेक वेळा तीन गोष्टी चुकतात: दाब जास्त, बोट तंतूंच्या दिशेने फिरणारं, आणि ग्राहक नुसता पडून राहिलेला. दाब वाढवला की आपल्याच बोटाचं भान कमी होतं. तंतूंना आडवं सरकलं तर कड लागते, उभं सरकलं तर काहीच लागत नाही. आणि शेजारी शेजारी असलेले दोन स्नायू वेगळे ओळखायचे तर एकालाच काम द्यावं लागतं.

लेव्हेटर स्कॅप्युलीवर हे करून पाहा. "मान आखडली" म्हणून येणाऱ्यांत हा स्नायू फार वेळा सापडतो. तो मानेच्या वरच्या चार मणक्यांच्या बाजूच्या टोकांवरून निघून खांद्याच्या पात्याच्या वरच्या कोपऱ्याला जोडलेला असतो. त्याच्यावर ट्रॅपेझियस या मान, खांदे आणि पाठीवर पसरलेल्या मोठ्या स्नायूची चादर असते आणि खांदा वर उचलण्याचं काम दोघंही करतात, त्यामुळे नुसता खांदा उचलायला सांगितला तर दोघंही ताठ होतात आणि काही कळत नाही.

ग्राहकाला पालथं झोपवा आणि त्याचा हात पाठीमागे, कंबरेच्या खळग्यात ठेवा. या स्थितीत पातं खालच्या दिशेने फिरतं. वरचा ट्रॅपेझियस पातं वरच्या दिशेने फिरवणारा असल्यामुळे तो गप्प बसतो. लेव्हेटर मात्र कामाला मोकळा असतो. आता पात्याच्या वरच्या कोपऱ्याच्या किंचित वर आणि आत दोन बोटं ठेवा आणि खांदा कानाकडे अगदी थोडा उचलायला सांगा. जोर लावायचा नाही. ट्रॅपेझियसच्या खालून बोटभर रुंदीचा पट्टा टपकन उभा राहतो. उचला, सोडा, उचला, सोडा, असं करत तंतूंना आडवं घासत मानेच्या दिशेने वर जा. ग्राहकाने जोरात खांदा उचलला तर ट्रॅपेझियस जागा होतो आणि पट्टा हरवतो. तेव्हा पुन्हा हळू करायला सांगा.

पिरिफॉर्मिस, म्हणजे ढुंगणातला खोलवरचा स्नायू, त्यालाही हीच युक्ती. पालथं झोपवून गुडघा काटकोनात वाकवा आणि पाऊल आतल्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या पायाकडे, तुमच्या तळहातावर दाबायला सांगा. पाऊल आत जातं तेव्हा मांडी खुब्यात बाहेर वळते. नवखे हे हमखास उलटं करतात, पाऊल बाहेर ढकलायला सांगतात, आणि मग चुकीचाच स्नायू कडक लागतो.

दोन सांध्यांवरून जाणाऱ्या स्नायूंचं एवढं महत्त्व का?

कारण त्यांची लांबी दोन ठिकाणी ठरते. पोटरीत वर गॅस्ट्रोक्नेमियस आहे, तो गुडघा आणि घोटा दोन्ही ओलांडतो. त्याच्या खालचा सोलियस फक्त घोटा ओलांडतो. गुडघा सरळ ठेवून पाऊल वर ओढताना अडत असेल आणि गुडघा वाकवल्यावर सहज जात असेल, तर गॅस्ट्रोक्नेमियस आखूड आहे. गुडघा वाकवूनही तेवढंच अडत असेल, तर सोलियसकडे किंवा घोट्याच्या सांध्याकडे पाहा. ही तपासणी अर्ध्या मिनिटात होते आणि कुठे वेळ घालवायचा ते ठरवून टाकते.

त्रिकोणासन घ्या. पुढच्या पायाचा गुडघा सरळ ठेवून कंबरेतून वाकलं की मांडीमागे ताण येतो, आणि गुडघा जरा दुमडला की तो सुटतो. हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचे स्नायू, बसायच्या हाडावरून निघून गुडघ्याच्या खाली जोडलेले असतात, म्हणून असं होतं. फक्त त्यांच्यातल्या बायसेप्स फिमोरिसचं आखूड डोकं मांडीच्या हाडावरूनच निघतं. ते खुबा ओलांडत नाही.

ग्राहकाच्या कामावरून कोणते स्नायू थकले असतील ते ओळखता येतं का?

येतं, आणि तसा विचार करायची सवय लावून घ्या. गणपतीच्या आधी दोन महिने नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो. ढोल कंबरेला बांधलेला, वजन पुढे. धड पुढे झुकू नये म्हणून कण्याच्या दोन्ही बाजूंचे लांब स्नायू आणि कंबरेतला क्वाड्रॅटस लंबोरम लांबी न बदलता तासन् तास ताठ राहतात. म्हणून ढोलवाला कंबर धरून येतो. ताशा गळ्यात अडकवलेला असतो, त्यामुळे ताशावाल्याची तक्रार मानेच्या मागे आणि खांद्यावर.

टिपरू (वाजवायची काठी) धरणाऱ्या हाताचं मात्र नीट समजून घ्या. वादक कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखतं म्हणतो. मूठ आवळणारे स्नायू तर आतल्या बाजूला आहेत, मग बाहेर का? मूठ आवळताना मनगटही आत वाकायला लागतं. ते वाकू नये म्हणून मनगट मागे खेचणारे स्नायू प्रत्येक ठोक्याला ओढ धरतात, आणि ते कोपराच्या बाहेरच्या हाडाला जोडलेले असतात. पान्हा फिरवणारा मेकॅनिक, कणीक मळणारी बाई, दिवसभर कात्री धरणारा शिंपी, सगळ्यांचं गणित हेच. दुखऱ्या हाडावर घासत बसू नका. हाताच्या मागच्या बाजूचा मांसल भाग मोकळा करा आणि पकड सैल ठेवायला सांगा.

कुठे दाब देऊ नये?

गळ्याच्या पुढच्या आणि बाजूच्या भागात, म्हणजे कानामागून छातीच्या हाडाकडे तिरक्या जाणाऱ्या स्टर्नोक्लायडोमास्टॉइड स्नायूच्या पुढे, कॅरोटिड धमनी आहे. तिथल्या दाबाने नाडी आणि रक्तदाब एकदम उतरून माणूस बेशुद्ध पडू शकतो. बोटाखाली ठोके लागले तर हात लगेच काढा, हा नियम सगळ्या अंगाला लागू. काखेत हाताकडे जाणाऱ्या नसांचं जाळं आहे, आणि ते पेक्टोरॅलिस मायनरच्या खालूनच जातं. वर सांगितलेलं छातीचं काम म्हणूनच सपाट बोटांनी आणि हळू करायचं. हाताला मुंग्या आल्या की थांबायचं. कोपराच्या आतल्या बाजूची खाच, जांघ आणि गुडघ्यामागचा खळगा इथेही खोल दाब नाही. फिब्युलाच्या डोक्याला वळसा घालून जाणारी नस त्वचेच्या अगदी जवळ असते. माणसाला कुशीवर झोपवून तिथे कोपर टेकवला तर पाऊल उचलण्याची ताकद जाऊ शकते. पाठीच्या खाली, अकराव्या-बाराव्या बरगडीच्या आसपास, थापट्या मारू नका. खाली मूत्रपिंडं आहेत आणि या बरगड्यांना पुढून आधार नाही.

कोणाला मसाज न करता डॉक्टरकडे पाठवायचं?

एकच पोटरी सुजलेली, गरम, लालसर, दाबली की दुखणारी असेल तर तिला हातच लावू नका. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. ऑपरेशन, प्लास्टर, लांबचा विमानप्रवास यांनंतर ही शक्यता वाढते. बाळंतपणानंतरचे सहा आठवडेही त्यात येतात, तेव्हा बाळंतिणीची मालीश करणाऱ्यांनी रोज पाय चोळण्याआधी दोन्ही पोटऱ्या शेजारी शेजारी पाहाव्यात.

कंबरदुखीसोबत लघवी-शौचावरचा ताबा गेला असेल किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, कारण नसताना उतरलेलं वजन, पडल्यानंतरची तीव्र वेदना, हेही आपलं काम नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, हाडं ठिसूळ आहेत का, हे पहिल्याच भेटीत विचारून लिहून ठेवा. आषाढात पालख्या पुण्यात मुक्कामाला असताना वारकऱ्यांचे पाय चेपायची सेवा करणारे पुष्कळ असतात. त्यांनी आधी मधुमेह विचारावा आणि तळवे नीट पाहावेत. मधुमेहात पाय बधिर असतील तर दाब जास्त झाल्याचं किंवा फोड फुटल्याचं त्या माणसाला कळत नाही.

ग्राहक म्हणतो, "मणका सरकलाय, बसवून द्या." काय करावं?

नाही म्हणायचं. मणक्यांमधल्या गादीचा भाग बाहेर आला असेल तर तो झटका देऊन आत जात नाही, आणि मानेला दिलेला झटका मेंदूकडे जाणाऱ्या धमनीला इजा करू शकतो. कट्कन आवाज येतो तो सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार झाल्यामुळे. काही जागेवर बसल्याची ती खूण नव्हे.

पुण्यात अभ्यासाला काय मिळतं?

अप्पा बळवंत चौकात शरीररचनेची पुस्तकं मिळतात. रंगीत आकृत्यांचा ॲटलस आधी घ्या, जाड पाठ्यपुस्तक नंतर. मेडिकल कॉलेजचे विच्छेदन कक्ष त्यांच्या विद्यार्थ्यांसाठी असतात, त्यावर अवलंबून राहू नका. प्लास्टिकचा पूर्ण सांगाडा परवडत नसेल तर चार-पाच जणांत मिळून खांदा आणि कंबर एवढेच सुटे भाग घ्या, कारण आकार समजायला अवघड तेच आहेत. हालचाल पाहायला शिकायचं असेल तर योगाचा वर्ग उत्तम. १९७५ साली सुरू झालेली रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था याच शहरात आहे आणि त्या पद्धतीत सांधा कुठे आणि किती वळतो यावर बारीक लक्ष असतं.

सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे डोळ्यांची काजळ पेन्सिल. सोबत्याच्या पाठीवर पात्याची कड काढा, मग त्याला हात डोक्यावर न्यायला सांगा. रेषा त्वचेवर जिथल्या तिथे राहते आणि पातं तिच्याखालून फिरून बाहेर जातं. हात बाजूने पूर्ण १८० अंश वर जातो, त्यात साधारण १२० अंश खांद्याच्या सांध्याचे आणि ६० अंश पात्याचे, हे एकदा असं पाहिलं की विसरत नाही.

रोज किती अभ्यास करावा?

चाळीस मिनिटं. पंधरा मिनिटं पुस्तक, पंचवीस मिनिटं कोणाच्या तरी अंगावर. खांदा, मान, पाठ, खुबा, मांडी-गुडघा, पोटरी-पाऊल, हात, प्रत्येकाला दोन आठवडे. एकाच सोबत्यावर सराव केला तर त्याचंच अंग कळतं. बारीक, जाड, वयस्कर, व्यायाम करणारा, असे वेगवेगळे पाच-सहा जण तरी हवेत.

हे शिकून झाल्यावर पाटीवर फिजिओथेरपी लिहिता येईल का?

नाही. फिजिओथेरपी हा नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स ॲक्ट, २०२१ या कायद्याखाली येणारा वेगळा व्यवसाय आहे आणि त्याला पदवी लागते. मसाज थेरपिस्ट लिहा आणि रोगाचं निदान करू नका. "पोटरी आखूड वाटते" हे तुमचं निरीक्षण. "तुम्हाला सायटिका आहे" हे निदान.

वर्षभरातच माझा अंगठा दुखायला लागला. हाही याच अभ्यासाचा भाग आहे का?

आहे, आणि लोक तो शेवटी शिकतात हे चुकीचं आहे. अंगठ्याच्या बुडाचा सांधा सगळ्या दिशांनी हलण्यासाठी बनलेला आहे, शरीराचं वजन पेलण्यासाठी नाही. दाब द्यायचाच तर अंगठा, मनगट आणि कोपर एका रेषेत ठेवा, अंगठा मागे वाकू देऊ नका, आणि त्याच्यावर दुसऱ्या हाताची टाच ठेवा. पाठ, मांडी अशा मोठ्या भागांना अंगठा वापरूच नका. कोपराखालचा हात वापरा.

जोर दंडातून काढायचा नाही. एक पाय पुढे, एक मागे ठेवून मागच्या पायावरून वजन पुढे सरकवायचं. त्यासाठी टेबलाची उंची जमली पाहिजे. टेबलाशेजारी सरळ उभे राहून हात सोडा आणि मूठ वळा. मुठीची पेरं टेबलाला टेकली तर खोल कामाला ती उंची बरोबर. टेबल उंच असेल तर खांदे वर चढतात, ठेंगणं असेल तर कंबर वाकते. सतरंजीवर काम करत असाल तर एक गुडघा टेकून बसा, उकिडवं बसून ओणवं होऊ नका.

रात्री अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होऊन जाग येत असेल, तर मनगटातल्या नसेवर दाब येतोय असं समजा. करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट बधिर होत असेल तर कोपरामागची नस तपासून घ्या. दोन्ही बाबतींत त्या आठवड्यातली खोल दाबाची कामं थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.